मुरमाड द्राक्षबागेला पाण्याचा ताण: दोन्ही लॅटरल कमी चालवायच्या की आलटून-पालटून?

द्राक्षाच्या उन्हाळी खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान पाणी आवरतं घेतलं (म्हणजे ताण दिला) तर काडीच्या डोळ्यांत घडनिर्मिती चांगली होते, हे तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात कुणाला सांगायला नको. ठरवायचं असतं ते पाणी आवरायचं कसं. वेलीच्या दोन्ही बाजूंना लॅटरल (ठिबकची नळी) असेल तर दोन वाटा आहेत. दोन्ही चालू ठेवून वेळ निम्मी करायची, किंवा एकच लॅटरल पूर्ण वेळ चालवून काही दिवसांनी बाजू पालटायची. एकूण पाणी तेवढंच. मुरमाड रानात, डॉगरिज खुंटावरच्या सोनाका जातीच्या वेलींना मी दोन्ही प्रकारे ताण दिला आहे.

पहिली पद्धत सुटसुटीत. व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, कुणाला काही समजावून सांगायचं नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात बहुधा हीच बरी, कारण तिथं ओल आडवी पसरते आणि कोरडी ठेवलेली बाजू कोरडी राहतच नाही.

मुरमात मला तिचा जो त्रास झाला, त्यानंच माझं मत ठरलं. सगळी मुळं अर्धवट ओलीत असतात, हाताशी शिल्लक काही नसते. वीज आज दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. त्यात पाण्याची एखादी पाळी हुकली की दुपारी पानं मलूल होतात, शेंडे थांबतात. मग पाणी मिळालं की सगळी मुळं एकदम उचल घेतात आणि बगलफुटींचा (पानांच्या बगलेतून येणाऱ्या फुटींचा) लोंढा सुटतो. त्या काढायला नेमके त्याच दिवसांत मजूर मिळत नाहीत, सगळ्या गावाला तेव्हाच हवे असतात. बगलफुटी राहिल्या की डोळ्यांवर सावली, आणि डोळ्याला ऊन मिळालं नाही तर घडनिर्मिती कमी. ज्यासाठी ताण दिला तेच हातचं जातं.

आलटून-पालटून पाणी दिलं की वेल वेगळी वागते. कोरड्या बाजूची मुळं ॲब्सिसिक ॲसिड तयार करतात. ते पाण्याबरोबर पानात चढतं आणि पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) थोडी मिटतात. ओल्या बाजूची मुळं तोवर पाणी पुरवत असतात, त्यामुळे पान मलूल न होताच वेल काटकसरीला लागते. रंध्रं अर्धवट मिटली की पानातून उडणारी वाफ जितकी कमी होते, तितकी पानातली अन्ननिर्मिती कमी होत नाही. खरी बचत तिथं आहे. शेंड्याची धावही मंदावते. द्राक्षवेलीवरची ही पद्धत १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात विकसित झाली. माझ्या बागेत ती आल्यापासून पाळी हुकली तरी पान टिकून राहतं आणि बगलफुटी आवाक्यात असतात. मी काही मोजमाप ठेवलेलं नाही, पण ओळीतून चालताना फरक दिसतो.

बाजू पालटणं मात्र चुकवू नये. माती फारच सुकली तर तिकडच्या मुळांतून पाणी चढत नाही, मग ॲब्सिसिक ॲसिडचा निरोपही पानापर्यंत पोचत नाही आणि रंध्रं पुन्हा उघडू लागतात. ऑस्ट्रेलियात साधारण १० ते १४ दिवसांनी पालटत. आपल्या मुरमात त्याआधीच पालटावं लागेल असं वाटतं. मी बोद (वेलीच्या ओळीतला मातीचा उंचवटा) उकरून मूठभर माती दाबून बघतो. पालटल्यावर त्या बाजूला नवी पांढरी मुळी धरते, ती बघायलाही उकरावंच. वळवाचा मोठा पाऊस झाला की दोन्ही बाजू ओल्या होतात, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तेवढंच पाणी दोन्ही बाजूंना देऊनही निकाल सारखाच आला, असं सांगणारे अभ्यास आहेत. ते खोटे नसावेत. जिथं पाळी कधी हुकत नाही, तिथं दोन्हींत फारसा फरक दिसणारही नाही. आपल्याकडे ती हुकते.

पीक घ्यायच्या फळ छाटणीनंतर मणी फुगायच्या काळात मी दोन्ही लॅटरल पूर्ण चालवतो, खायच्या द्राक्षाला मण्याचा आकार घालवून चालत नाही. खर्चाचं म्हणाल तर दोन्ही बाजूंच्या लॅटरलना वेगवेगळी सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारी मोठी नळी) लागते. ती नसेल तर ओळीओळीला कॉक फिरवत बसावं लागतं, आणि ते काम दुसऱ्या आठवड्यातच मागं पडतं. म्हणून आधी एकाच व्हॉल्व्हखालच्या ओळींना दुसरी सबमेन टाका, एक खरड छाटणी बघा आणि मग बाकीच्या बागेचं ठरवा.