चर्चगेट–विरार लेडीज स्पेशल: चित्र काढायला बसता येईल अशी गाडी

नायगावला राहते, फोर्टमध्ये एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग्ज करते. संध्याकाळची विरार लेडीज स्पेशल, म्हणजे मुंबईतली फक्त बायकांसाठीची लोकल, ही माझी रोजची गाडी. पाचपैकी साडेचार तारे.

५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेने ही सेवा चर्चगेट ते बोरिवली सुरू केली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत नेली. रेल्वेने गाडी दिली. तिला घरपण दिलं ते बायकांनी. जनरल डब्यात चढावं लागलं की पर्स छातीशी, कोपरं बाहेर आणि सगळं लक्ष पाठीमागे. तिथे वही उघडणं सुचतही नाही. इथे मी बॉलपेन काढते. लसूण सोलणारी मावशी, क्रोशाचं तोरण विणणारी नर्स, दारात केस मोकळे सोडून वारा खाणारी कॉलेजची मुलगी. आधी विचारते, "काढू का?" मावशी पदर सारखा करतात आणि मग वहीत डोकावून सांगतात, "नाक जरा बारीक कर गं."

अनुश्री फडणवीस या छायाचित्रकाराने लेडीज डब्यातलं हे जग मोबाइलवर टिपून इन्स्टाग्रामवर 'ट्रेन डायरीज' म्हणून मांडलं. ते फोटो बघितल्यावरच मी वही घेऊन निघायला लागले.

नवरात्रात तर काही विचारू नका. त्या दिवसाच्या रंगाच्या साड्यांनी डबा भरलेला, दोन दारांमधल्या जागेत टाळ्यांवर गरबा, दसऱ्याला झेंडूच्या माळा आणि पूजा. संक्रांतीनंतर हळदीकुंकू, वाणासकट. नवखी मुलगी कोपऱ्यात उभी असली तर तिलाही ओढून घेतात. डब्यात सीसीटीव्ही कॅमेरे असायलाच हवेत, पण मला निर्धास्त वाटतं ते या ओढून घेण्यामुळे.

अर्धा तारा का कापला? ही गाडी फक्त गर्दीच्या वेळची. ओव्हरटाइम झाला की ती हुकते. शिवाय अलीकडेच बोरिवलीला उतरणाऱ्यांना, लांबच्या गाडीत जागा अडवतात म्हणून, विरारच्या गाडीत आपल्याच बायका टोमणे मारतात, ते बंद व्हायला हवं.

एक मागणी मात्र मनापासून आहे. लेडीज डब्यावर पूर्वी डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र असायचं; २०१९ मध्ये पश्चिम रेल्वेने त्या जागी कोट घातलेली बाई आणली. बदल चांगलाच. पण ती बाई आमच्यापैकी कुणीतरी काढायला हवी होती. आत जाहिरातींच्या चौकटी आहेत, त्यातली एक प्रवासी बायकांच्या चित्रांसाठी द्या. भरतकाम करणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, रांगोळीत हात बसलेल्या कितीतरी जणी याच गाडीत आहेत.

पहिल्यांदा येणार असाल तर चर्चगेटलाच बसा आणि चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर टोकाला टेकण्यापुरती जागा, मिळाली तरी सोडू नका. उभं राहावं लागलं तर बसलेलीला "कुठे उतरणार?" विचारून जागा सांगून ठेवा. वही काढायची असेल तर भाईंदरनंतर काढा. पण तिथे खाडीवर वारा असतो, पानं धरून ठेवावी लागतात.