डेस्कटॉप पोस्टफ्लॉप: बेटची साइझ शिकण्यासाठी काही महिने वापरल्यावर

हा पोकरचा सॉल्व्हर, म्हणजे कुठल्या पत्त्यांनी काय खेळावं याचं गणित मांडणारा प्रोग्रॅम, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि त्याच्या कर्त्याने ऑक्टोबर 2023 मध्ये पुढचं काम थांबवलंय. नवीन सोयींची वाट बघू नका. जे आहे तेच घरी बसून शिकणाऱ्याला पुरून उरतं.

मला तो एकाच प्रश्नासाठी हवा होता: किती लावायचं? आपल्याकडचे बरेच जण तीन पत्ती खेळून पोकरकडे येतात. तिथे चाल आधीच्या चालीवरून ठरते, मध्ये किती जमलंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. तीच सवय गोव्यातल्या कॅसिनोच्या टेबलावरही दिसते. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, 2,000 चा असो की 9,000 चा, पडते हजाराचीच चिप. पहिल्या पॉटमध्ये कॉल करायला, म्हणजे तेवढेच लावून डावात राहायला, समोरच्याला 25 टक्के जिंकण्याची शक्यता लागते. दुसऱ्यात जेमतेम 9. म्हणजे त्याच्याकडे काहीही असलं तरी तो बरोबरच कॉल करतोय!

वापरायला अवघड नाही. दोघांच्या रेंज (हातात असू शकणाऱ्या पत्त्यांच्या याद्या) भरायच्या, फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) टाकायचा, साइझच्या रकान्यात पॉटचे टक्के लिहायचे. आणि इथेच पहिला धक्का बसतो: सॉल्व्हर साइझ शोधून देत नाही. तुम्ही 33 आणि 75 लिहिलंत तर तो त्या दोन्हींतूनच निवडणार. म्हणून मी प्रत्येक स्ट्रीटला (पैसे लावायच्या फेरीला) पाच-पाच साइझ देऊन पाहिल्या. ट्री, म्हणजे शक्य चालींच्या फाट्यांचा पसारा, इतका फुगला की 16 जीबीचा लॅपटॉप हात टेकायला लागला, आणि उत्तर काय आलं? तोच हात थोडा इकडे, थोडा तिकडे. सरासरी कमाईत फरक जवळजवळ शून्य. आता दोनच साइझ देतो. कुठल्या साइझमध्ये कुठले हात जातात हे बघण्यात सगळा वेळ जातो, आणि खरं शिक्षण तिथेच आहे.

लिब्रेटससारख्या पोकर खेळणाऱ्या प्रोग्रॅमलाही ही अडचण होती. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गला त्याने चार व्यावसायिक खेळाडूंना 1,20,000 हातांत हरवलं. त्याच्या हिशोबात नसलेल्या ज्या साइझ ते चौघे दिवसा जास्त वापरायचे, त्या रात्री बसून तो आपल्या ट्रीमध्ये घालायचा. त्याच्या मागे सुपरकॉम्प्युटर होता, आपल्यामागे लॅपटॉपचा पंखा.

उदाहरण घ्या. बटनवरून (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) रेज, बिग ब्लाइंडचा (पत्ते बघण्याआधीच ठरलेली रक्कम लावणाऱ्याचा) कॉल, फ्लॉपवर तीन वेगळ्या रंगांचे राजा, सत्ती, दुर्री. सॉल्व्हर जवळजवळ अख्खी रेंज 33 टक्क्यांनी लावतो. मोठे हात बटनकडे जास्त, ड्रॉ (पुढच्या पानाने पूर्ण होऊ शकणारे हात) नावालाही नाही, आणि तिसऱ्या हिश्श्याचा ब्लफ चारातून एकदा चालला तरी भागतं. त्याच जागी नव्वी, अठ्ठी, सत्ती आली आणि त्यात दोन बदाम असले की तो बऱ्याच हातांनी चेक करतो (काही न लावता पुढे जातो), आणि लावलंच तर 75 कडे झुकतो.

माझी सर्वात आवडती सोय मात्र एका अक्षराची. टक्क्यांऐवजी इंग्रजी ‘ई’ लिहिलं की तो अशी साइझ काढतो, जी प्रत्येक स्ट्रीटला तितकेच टक्के लावत रिव्हरवर (शेवटच्या पानावर) नेमकी ऑल-इनला, म्हणजे सगळे पैसे लावण्यापर्यंत, पोचते. पॉट 20, आपल्याकडे शिल्लक 90 असतील तर ती 58 टक्क्यांच्या आसपास येते: साडेअकरा, मग 25, मग उरलेले साडेत्रेपन्न. फ्लॉपवर दोघांनी चेक केलं आणि दोनच स्ट्रीट उरल्या, तर तोच आकडा 108 टक्के होतो. पॉटपेक्षा मोठी बेट हा मला आधी नुसता माज वाटायचा. आता तिचा हिशोब दिसतो.

उणिवा दोन, आणि दोन्ही मोठ्या. हा फक्त फ्लॉपनंतरचं आणि फक्त दोघांमधलं गणित करतो. गोव्यात फ्लॉप चौघे बघतात. दुसरं म्हणजे, त्याच्यातला प्रतिस्पर्धी बेट मोठी झाली की हिशोबाने फोल्ड करतो, पत्ते टाकून देतो. टेबलावरचे काका मधली जोडी घेऊन 33 लाही कॉल करतात आणि 100 लाही. रिव्हरला पॉटएवढ्या बेटमध्ये दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ असावा, असं सॉल्व्हर सांगतो. काकांसमोर मी ब्लफ शून्यावर आणतो आणि चांगल्या हाताने बिनधास्त पूर्ण पॉट मागतो. हे सॉल्व्हर आपणहून कधीच सुचवणार नाही.

ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्यानंतर आपल्याकडे पैशाचं ऑनलाइन पोकर बंद झालं, त्यामुळे शिकलेलं लगेच ताडून बघायची जागा उरली नाही. गोव्याची फेरी वर्षातून कितीदा होणार? रोज संध्याकाळी एक फ्लॉप घेऊन आधी स्वतःचं उत्तर वहीत लिहितो आणि मग सॉल्व्हर उघडतो. प्रीफ्लॉपच्या (फ्लॉपआधीच्या) रेंज मात्र दुसरीकडून आणाव्या लागतात. त्या भरताना घाई केली तर पुढचे सगळे आकडे दिसायला नेटके आणि कामाला शून्य.