सीस्टार एस५० नाशिकच्या गच्चीवर: ५५ कॅन्क्री ई सोडा, हॅट-पी-३२ बी धरा

दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह आपल्या गच्चीवरून नोंदवता येतो. ग्रह दिसत नाही, पण तो ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो (याला अधिक्रमण म्हणतात) आणि ती घट मोजता येते. झेडडब्ल्यूओची सीस्टार एस५० ही स्मार्ट दुर्बीण यासाठी घ्यावी का? घ्यावी, पण कोणत्या ग्रहासाठी ते आधी ठरवून घ्यावी. ताऱ्याला चिकटून फिरणारे छोटे, रटरटते खडकाळ ग्रह मनात ठेवून ती घेतली, तर हाती काही लागणार नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेत ४९९ डॉलरला आलेल्या या दुर्बिणीचं भिंग ५० मिमीचं आणि नाभीय अंतर २५० मिमी आहे. आत सोनीचा आयएमएक्स४६२ रंगीत सेन्सर आहे. चौकट, म्हणजे एका चित्रात मावणारं आकाश, साधारण १.३ अंश बाय ०.७ अंश; एका पिक्सेलला २.४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). तारा शोधणं, फोकस आणि मागोवा हे सगळं ती मोबाईल ॲपवरून स्वतः करते. सूर्यासाठीचा फिल्टर खोक्यातच मिळतो.

आता ५५ कॅन्क्री ई, असाच एक रटरटता खडकाळ ग्रह. कर्क राशीत, ४१ प्रकाशवर्षांवर. त्रिज्या पृथ्वीच्या १.९ पट, वस्तुमान सुमारे ८ पट, आणि वर्ष फक्त १७ तास ४० मिनिटांचं. तारा इतका जवळ की दिवसाच्या बाजूला खडक वितळलेला असावा. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या मोजमापांतून त्याच्याभोवती कार्बनच्या वायूंचं वातावरण असावं असे संकेत मिळाले. त्याचा तारा ५.९५ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी). गंगापूर धरणाच्या पलीकडे, अंधाऱ्या जागी तो नुसत्या डोळ्यांनीही कसाबसा दिसू शकतो. म्हणूनच सगळ्यांना वाटतं, एवढा तेजस्वी तारा आहे तर काम सोपं असणार.

तसं नाही. अधिक्रमणात या ताऱ्याचा प्रकाश घटतो जेमतेम ०.०३५ टक्के. ५० मिमीच्या भिंगातून १० सेकंदांच्या एका फ्रेममध्ये निव्वळ वातावरणाच्या लुकलुकीमुळेच तेज अर्ध्या टक्क्याहून जास्त इकडेतिकडे होतं. तासाभराच्या फ्रेमची सरासरी काढली तरी लुकलुकीचा उरलेला गोंधळ आणि ग्रहाची खूण जवळपास सारख्याच आकाराची राहतात. त्यात तुलनेच्या ताऱ्याची लुकलुक, बदलणारं धुकट आणि सेन्सरच्या चुका आल्या की खूण बुडालीच. जमिनीवरून हे अधिक्रमण पकडायला स्पेनच्या ला पाल्मा बेटावरची अडीच मीटरची नॉर्डिक ऑप्टिकल टेलिस्कोप लागली होती.

दुसरी अडचण तेजाची. आकाशातल्या लांबच्या वस्तूंसाठी ॲपमध्ये कमीत कमी एक्स्पोजर (एका फ्रेमसाठी प्रकाश गोळा करण्याचा वेळ) १० सेकंदांचं. तेवढ्या वेळात या ताऱ्याच्या मधल्या पिक्सेलांची क्षमता संपून जाते आणि मोजमाप निरुपयोगी ठरतं.

तिसरी अडचण खास आपल्या अक्षांशाची. नाशिक २० अंश उत्तरेवर, तारा आकाशातल्या विषुववृत्तापासून २८ अंश उत्तरेवर. मार्चच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास तो क्षितिजापासून जवळजवळ ८२ अंश वर असतो, म्हणजे थेट डोक्यावर. सीस्टार आडवी-उभी फिरणारी दुर्बीण असल्याने अशा जागी चित्राची चौकट मिनिटाला दीड अंशाहून जास्त वेगानं फिरते. १० सेकंदांतसुद्धा कडेचे तारे चार-पाच पिक्सेल ओढले जातात.

याउलट हॅट-पी-३२ बी. देवयानी तारकासमूहातला हा फुगलेला वायुग्रह दर २.१५ दिवसांनी ११.३ प्रतीच्या ताऱ्याचा प्रकाश दोन टक्क्यांहून जास्त घटवतो. अधिक्रमण सुमारे तीन तास चालतं. डिसेंबरच्या मध्याला रात्री नऊच्या आसपास तो उत्तरेला ६३ अंशांवर असतो. डोक्यापासून दूर, म्हणून चौकट फिरण्याचा वेग निम्म्याहूनही कमी. हंगामही आपल्या सोयीचा: पावसाळा संपलेला आणि हवा कोरडी.

प्रत्येक अधिक्रमण रात्री येत नाही. नासा एक्झोप्लॅनेट आर्काइव्ह या संकेतस्थळाच्या ट्रान्झिट (अधिक्रमण) सेवेत नाशिकचे अक्षांश-रेखांश, २०.० उत्तर, ७३.८ पूर्व भरून तारखा काढाव्यात. अधिक्रमणाच्या आधी आणि नंतर एकेक तास धरून पाच तासांची रात्र मोकळी ठेवावी. आधीचा तास गाळला तर घट कुठून मोजायची तेच कळत नाही. नवख्यांचं बहुतेक काम इथेच वाया जातं.

ॲपमध्ये दोन गोष्टी न विसरता कराव्यात. प्रत्येक फ्रेम वेगळी साठवण्याचा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर शेवटी फक्त एकत्रित सुंदर चित्र उरतं आणि त्यातून काही मोजता येत नाही. प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर बंद ठेवावा. तो तेजोमेघांसाठी आहे, ताऱ्याचा बहुतांश प्रकाश तो अडवतो. एक्स्पोजर २० सेकंद. पाच तासांत जास्तीत जास्त ९०० फ्रेम होतात, प्रत्येकी सुमारे ४ एमबी. ६४ जीबीच्या साठ्यात ते आरामात मावतं. बॅटरी मात्र सहा तासांच्या आसपासच टिकते आणि दवासाठीचा हीटर लावला की त्याहून कमी. गोदाकाठी किंवा धरणाजवळ थंडीत दव पडतंच, तेव्हा हीटर चालू आणि पॉवर बँक जोडलेली असावी.

सातपूर-अंबडच्या दिव्यांचा उजेड असला तरी ११ प्रतीच्या ताऱ्याला शहरातली गच्ची चालते. अंजनेरीकडे गेलात तर आकाश काळं मिळेल, पण पाच तास पहारा द्यावा लागेल. उत्तरेला पाण्याची टाकी आड येत नाही ना, एवढं आधी बघावं.

३० सेकंदांचं एक्स्पोजर हवं असेल तर ॲपमधला ईक्यू मोड वापरावा; त्यात दुर्बीण ध्रुवाच्या अक्षाभोवती फिरते आणि चौकट फिरत नाही. त्यासाठी दुर्बीण ध्रुवाकडे कलवावी लागते. नाशिकला ध्रुव फक्त २० अंशांवर, म्हणून ती जवळजवळ आडवी होते आणि सोबतचा छोटा ट्रायपॉड कलंडू शकतो. जड ट्रायपॉड आणि वेज (दुर्बीण कलती धरणारा आधार) घ्यावा, एक पाय बरोबर उत्तरेला ठेवावा आणि मध्ये वजन टांगावं.

फाइली एक्झोटिक (EXOTIC) या अधिक्रमणाचा आलेख काढणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घालाव्यात. ते गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच चालतं आणि सरावाला त्यात याच ग्रहाचा नमुना डेटा मिळतो. तुलनेसाठी साधारण तेवढ्याच तेजाचे दोन-तीन तारे चौकटीच्या मध्याजवळचेच निवडावेत. एकेका फ्रेमचे ठिपके विखुरलेले दिसतील, घाबरू नये. दहा-दहा फ्रेमची सरासरी काढली की घट उठून दिसायला लागते. आलेख नीट जुळला तर तो एएव्हीएसओ (AAVSO) या ताऱ्यांच्या तेजाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या बाह्यग्रह (दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह) डेटाबेसला पाठवावा. पुढच्या अधिक्रमणाची वेळ नेमकी ठरवायला अशा नोंदी उपयोगी पडतात, मग ती मोठ्या दुर्बिणीची असो वा ५० मिमीची.