बारा व्होल्टची बॅटरी उतरली, बिल लागलं कन्व्हर्टरचं

गणपतीनंतर गावच्या घरी लावून ठेवलेली इलेक्ट्रिक कार. गुहागर तालुक्यातलं कुटुंब दिवाळीला परत आलं तेव्हा रिमोट चालेना, दरवाजा किल्लीने उघडावा लागला, डिस्प्ले काळा. चार्जर लावला तरी चार्जिंग सुरू होईना. म्हणजे मोठी बॅटरीच गेली, असं घरच्यांना वाटलं. गाडी पिकअपवर घालून महामार्गालगतच्या एका गॅरेजात नेली. तिथे स्कॅनरवर डझनभर एरर कोड दाखवले, डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीवरून 12 व्होल्टची छोटी बॅटरी चार्ज करणारा भाग) जळालाय म्हणून सांगितलं आणि अठ्ठावन्न हजार रुपये घेतले. बिल साध्या कागदावर. गाडी सुरू झाली, चार दिवस उभी राहिली आणि पुन्हा मेली.

कन्व्हर्टर बदललेलाच नव्हता. हा प्रकार एकट्यादुकट्याच्या बाबतीत घडण्यासारखा नाही, म्हणून त्यामागची युक्ती नीट समजून घ्या.

इलेक्ट्रिक कारमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते. दरवाज्यांचं लॉक, डिस्प्ले, सगळे कंट्रोलर (गाडीतले छोटे संगणक) आणि मोठी बॅटरी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, हे सगळं तिच्यावर चालतं. ती उतरली की कॉन्टॅक्टर बसत नाहीत, म्हणजे जोडणी होत नाही. मग मोठी बॅटरी 80 टक्के भरलेली असली तरी गाडी ‘रेडी’, म्हणजे चालायला तयार, होत नाही आणि चार्जिंगही घेत नाही. छोटीला चार्ज करतो तो डीसी-डीसी कन्व्हर्टर, पण तो कॉन्टॅक्टर बसल्यावरच चालतो. काही गाड्या उभ्या असताना स्वतःहून छोटीला चार्ज देतात, सगळ्या देत नाहीत.

आता कोडचं. व्होल्टेज घसरलं की कंट्रोलर एकेक करून बंद पडतात आणि बाकीचे ‘अमक्याशी संपर्क तुटला’ असा कोड नोंदवतात. ही लांबलचक यादी बहुतेक वेळा फक्त उतरलेल्या बॅटरीची असते. फसवणारा यादी दाखवतो, मागच्या मागे छोटी बॅटरी चार्जरला लावतो, कोड पुसतो. गाडी सुरू होते आणि गिऱ्हाईक समाधानाने पैसे मोजतं. गाडी उभी असताना छोटी बॅटरी उतरवणारी विजेची मूळ गळती तशीच राहते.

म्हणून कुठलाही महागडा पार्ट मान्य करण्याआधी पुढची तपासणी आपल्यासमोर करून घ्या. साध्या मल्टिमीटरवर होते.

गाडी बंद असताना छोटीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 11.9 च्या खाली म्हणजे उतरलेली. हे आकडे लेड-ॲसिडचे; काही गाड्यांत छोटीही लिथियम असते, तिचे आकडे वेगळे. उतरलेली असेल तर 4-5 अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावा. मग कोड पुसून गाडी ‘रेडी’ करा आणि पुन्हा मोजा. 13.5 ते 14.5 दिसलं तर कन्व्हर्टर काम करतोय, विषय संपला. गाडी रेडी असूनही 12.3 वरून खाली सरकत असेल तर मात्र कन्व्हर्टर, त्याचा फ्यूज किंवा जोडणी यांत खरंच दोष आहे. ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचं. नारिंगी केबलला, म्हणजे हाय व्होल्टेजच्या तारांना, घरी हात लावू नका.

गळती शोधायला डीसी मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर निगेटिव्ह केबलवर लावा. गाडी लॉक करा, किल्ली लांब ठेवा, मोबाईल ॲप उघडू नका आणि पाऊण तास थांबा. कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. घाईने मोजलं की मोठा आकडा दिसतो, आणि तोच दाखवून घाबरवलं जातं. शांत झाल्यावर 20 ते 50 मिलिअँपिअर ठीक. वर उल्लेखलेल्या गाडीत 400 निघाले. दिवसाला 9.6 अँपिअर-तास, म्हणजे 40 अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी. दोषी होता डॅशकॅम, कायम चालू राहणाऱ्या फ्यूजवर जोडलेला. जीपीएस ट्रॅकर, डायग्नॉस्टिक सॉकेटला लावलेलं यंत्र आणि बाहेरून बसवलेला ॲम्प्लिफायर हेही नेहमीचे संशयित.

किनाऱ्यावर आणखी एक बघायचं: खारा वारा. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर, बॉडीला जाणारी अर्थची पट्टी गंजलेली. अर्थ खराब असला की बॅटरी धड चार्ज होत नाही आणि खोटे कोड येतात. गाडी रेडी करून दिवे लावा, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीच्या उघड्या लोखंडापर्यंत मोजा, 0.2 व्होल्टच्या वर आलं तर पट्टी काढून घासा, घट्ट करा, वर पेट्रोलियम जेली लावा. हे शंभर रुपयांचंही काम नाही.

अनेक आठवडे उतरून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी कायमची दुबळी होते, तेव्हा ती बदलावी लागू शकते. चार्ज करून लोड टेस्टरवर (भार टाकून बॅटरीची ताकद मोजणारं यंत्र) बघा, मगच बदला. जुनी बॅटरी नवं स्टिकर लावून खपवली जाते, म्हणून केसवर ठोकलेला तारीख-कोड आणि वॉरंटी कार्डावरचा सीरियल नंबर जुळवा.

कन्व्हर्टर खरंच बदलला का, तेही कळतं. त्यासाठी हाय व्होल्टेजचा सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा) काढावा लागतो, कित्येक गाड्यांत कूलंट उतरवावं लागतं, बोल्टवरची कारखान्यातली रंगाची खूण तुटते. त्या गाडीत खुणा अखंड होत्या, वर धूळ बसलेली होती. शिवाय हाय व्होल्टेजच्या भागांना बाहेरच्या गॅरेजात हात लागला तर वॉरंटीवर वाद होऊ शकतो. मोठ्या बॅटरीवर अनेक कंपन्या 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात. आधी ती बघा.

जॉब कार्ड, जीएसटी बिल आणि काढलेला जुना पार्ट मागा. पैसे गेलेच असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागायला घटनेपासून 2 वर्षांची मुदत असते, आणि तिथे मीटरचे फोटो, कोडची छापील यादी, न हललेल्या बोल्टचा फोटो हे सगळं उपयोगी पडतं.