‘इम्पोर्टेड’ हॉट टब आणि ६० हर्ट्झची पाटी

एप्रिल-मे आला की गोव्यातल्या बार्देश तालुक्यात जुने हॉट टब, म्हणजे जेटवाले गरम पाण्याचे टब, विकायला निघतात. सीझन संपलेला असतो, हणजूण, आसगाव, शिवोली भागातले काही व्हिला हात बदलतात, आणि ‘रिसॉर्टमधून काढलेला, जेमतेम वापरलेला’ अशा फोटोंचा फोनवर पाऊस पडतो. त्यातला काही माल खरंच चांगला असतो. म्हापशाजवळच्या एका कुटुंबाला मिळाला तो तसा नव्हता. पाच माणसांचा, सुमारे १२०० लिटरचा टब. विकणारा, बसवणारा आणि पुढे दुरुस्तीला येणारा असे तिघेही एकाच साखळीतले, त्यामुळे एकाने केलेली लबाडी दुसऱ्याने उघड करण्याचा प्रश्नच नव्हता.

टब अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला होता. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. घरच्यांनी विचारलंही होतं. उत्तर आलं, “काका, ट्रान्सफॉर्मर बसवून देतो, मग टेन्शन नाही.” ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. मिनिटाला ३४५० फेरे घेणारी मोटर ५० हर्ट्झवर साधारण २८७५ घेते, म्हणजे सहातले पाच. पाणी त्याच हिशेबात कमी येतं आणि दाब तर जवळपास ७० टक्क्यांवर उतरतो. जेटला जोर नाही ही पहिली तक्रार तिथून आली. त्याहून वाईट म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला हर्ट्झ कमी पडले की मोटर जादा करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. बंद कॅबिनेटमध्ये, गोव्याच्या उकाड्यात, ती थर्मल कटआउटवर बंद पडते, निवली की पुन्हा फिरते. ‘मशीन सेट व्हायला वेळ लागतो’ असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. अमेरिकी टबात ओझोनेटरसारखे (ओझोनने पाणी शुद्ध करणारं यंत्र) काही भाग १२० व्होल्टचेही असू शकतात. ते २३० वर जोडले की बोलायलाच नको.

हे पैसे देण्याआधी कळलं असतं का? हो. कॅबिनेटवरच्या मुख्य पाटीवर ‘सर्व्हिस्ड’ असं स्टिकर चिकटवलेलं होतं, पण प्रत्येक पंपाच्या मोटरवर स्वतंत्र पाटी असते. पुढचा पॅनेल काढा, मोबाइल आत घाला, फोटो काढा. त्यावर ५० किंवा ५०/६० नसेल तर भाव कितीही पाडून मिळाला तरी टब घेऊ नका. पॅनेल उघडायला नकार देणाऱ्याकडून तर नकोच.

पॅनेल उघडलाच आहे तर आतला फोम बघा. जुना इन्सुलेशन फोम पिवळट, तपकिरी होतो. त्यात मध्येच पांढरा ताजा ठिगळ दिसला तर त्याखाली बहुधा फुटलेला पाइप किंवा युनियन (पाइपचा फिरवून उघडणारा सांधा) आहे. फोम गळती थांबवत नाही, चार-सहा आठवडे लपवतो. तपासायची रीत सोपी आहे: टब भरून पाण्याच्या रेषेवर टेप लावा, झाकण बंद ठेवून एक रात्र पंप बंद, दुसऱ्या रात्री पंप चालू. फक्त चालू असताना पातळी उतरली तर गळती पंपापुढच्या दाबाच्या बाजूला आहे. दोन्ही वेळा सारखीच उतरली तर टबचं भांडं, ड्रेन किंवा पंपाचं सील बघायचं. टब ट्रकमध्ये चढवण्याआधी हे करू न देणारा विक्रेता ‘पाणी नाही इथे’ म्हणतो. टँकरचे पैसे तुम्ही द्या, तरी स्वस्त पडेल.

यापुढचा भाग मात्र नुसत्या पैशांचा नाही. पहिल्या पावसात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच, पडू लागली. दुरुस्तीवाल्याने ‘गोव्यात ओल असतेच’ असं सांगून आरसीसीबीला बगल दिली आणि टब थेट ३२ अँपिअरच्या एमसीबीवर (साध्या ब्रेकरवर) जोडला. ट्रिपिंग थांबलं, घरचे खूश. एमसीबीला ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट कळतं. पाण्यात बसलेल्या माणसातून जाणारा करंट तिच्या लेखी काहीच नसतो. असं काम कोणी केलेलं आढळलं तर मेन बंद करा, आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन येईपर्यंत टबला हात लावू नका.

आरसीसीबी पडण्याचं कारण ओल नाही, बहुतेक वेळा हीटर असतो. इलेक्ट्रिशियनला क्रमाने जायला सांगा. मेन बंद करून हीटरच्या दोन्ही वायरी टबच्या कंट्रोल बोर्डवरून सोडवायच्या, टोकं इन्सुलेट करायची, मग चालू करायचं. आरसीसीबी टिकली तर दोष हीटरच्या एलिमेंटमध्ये, म्हणजे तापणाऱ्या नळीत. नाही टिकली तर ओझोनेटर, ब्लोअर, पंप असं एकेक सोडवत जायचं. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर) एलिमेंटची वायर आणि आवरण यांत १ मेगाओहमपेक्षा कमी रीडिंग आलं तर एलिमेंट बदला. अर्थिंगही मोजून घ्या. चिऱ्याच्या कातळात ठोकलेली अर्थिंगची कांब उन्हाळ्यात कोरडी पडते आणि रेझिस्टन्स खूप चढतो. नुसती वायर जोडलेली दिसली म्हणजे अर्थिंग झालं असं नव्हे.

एलिमेंट गेलं कशाने, हे पाण्यात दडलेलं होतं. घरच्यांना ‘हार्ड वॉटर’चा धाक दाखवून सॉफ्टनर (कठीणता काढणारं यंत्र) विकला होता. आता गोव्यातल्या जांभ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी बहुधा मुळात मऊ आणि किंचित आम्ल असतं. त्यातली उरलीसुरली कठीणता काढली की ते धातू खायला लागतं आणि टबात फेसही जास्त होतो. अशा पाण्यात कॅल्शियम घालायचं असतं, काढायचं नसतं. कठीणता १५० ते २५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), अल्कलिनिटी (आम्ल शोषण्याची ताकद) ८० ते १२०, पीएच ७.२ ते ७.८, एवढं राखा. १२०० लिटरमध्ये कठीणता ४० वरून १५० वर न्यायला सुमारे २०० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागतं. अल्कलिनिटी १० पीपीएमने वाढवायला २० ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा. तोच ‘अल्कलिनिटी प्लस’ म्हणून देखण्या डब्यात अनेक पटींनी महाग मिळतो.

क्लोरीन घातल्यावर पाणी कोऱ्या चहासारखं झालं तेव्हा ‘मिनरल ट्रीटमेंट’ विकली गेली. तो रंग विहिरीतल्या लोहाचा. पांढऱ्या बादलीत पाणी घ्या, चिमूटभर क्लोरीन टाका, रात्रभर ठेवा. लाल-तपकिरी झालं तर त्या विहिरीचं पाणी टबात नको, नळाचं भरा.

क्लोरीनच्या डब्यातही खोट होती. डायक्लोर (टबसाठीची क्लोरीन पूड) म्हणून दिलेली साधी ब्लीचिंग पावडर. चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवली की कळतं: डायक्लोर पूर्ण विरघळतं, ब्लीचिंग पावडरचा चुन्यासारखा गाळ तळाशी बसतो. ५६ टक्क्यांचं खरं डायक्लोर असेल तर १२०० लिटरला ३ पीपीएमसाठी जेमतेम साडेसहा ग्रॅम पुरतं. ही चाचणी चमचाभर पुडीपेक्षा मोठ्या प्रमाणात करू नका, आणि पूलच्या ट्रायक्लोर गोळ्या व ब्लीचिंग पावडर एका भांड्यात कधीच आणू नका, आग लागते.

शेवटी टबच्या डिस्प्लेवर ‘एफएलओ’ (FLO) आलं आणि ‘बोर्ड गेला’ असं निदान झालं. हा कोड प्रवाह कमी असल्याचा आहे. फिल्टर काढून पंप चालवा. कोड गेला तर फिल्टर तुंबलाय. पाणी बदलल्यावर आला असेल तर हवा अडकलीय: मेन बंद करून पंपाचं युनियन थोडं सैल करा, फुस्स होऊन पाणी झिरपलं की आवळा. पंप नुसता घुमत असेल तर आधी कपॅसिटर बदला, तो काही शे रुपयांत येतो. बोर्ड ‘मुंबईला पाठवतो’ म्हणून कोणी काढून नेत असेल तर सीरियल नंबरचा फोटो आधी काढा, नाहीतर परत येणारा बोर्ड तुमचाच असेल याची खात्री नाही.

तक्रारीचं म्हणाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सुरुवात करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. गोव्यात एक मेख आहे: तोच व्हिला पर्यटकांना भाड्याने देत असाल तर समोरचा वकील ‘व्यावसायिक वापर, हे ग्राहकच नाहीत’ असं म्हणणार. म्हणून बिल कोणाच्या नावाने घेता ते आधीच ठरवा, आणि त्यावर टबचा सीरियल नंबर, व्होल्टेज, हर्ट्झ लिहून घ्या. न बघितलेल्या टबसाठी टोकन पाठवून समोरचा गायब झाला असेल तर ते सायबर प्रकरण. १९३० ला त्याच तासात फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी.