चिठ्ठीवर ‘बीडी’ बरं की ‘१-०-१’?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीपुढे कधी ‘बीडी’ असतं, कधी ‘१-०-१’. दोन्हींचा अर्थ दिवसातून दोनदा. बीडी, टीडीएस (दिवसातून तीनदा) ही लॅटिनमधली लघुरूपं. लिहायला झटपट, पण पेशंटला कळत नाहीत. शिवाय ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तेच ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा! थेंबांच्या बाबतीत हा घोळ महागात पडू शकतो.

‘१-०-१’ माझ्या आईलाही वाचता येतं: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पाकिटावरच्या आकड्यांवर बोट ठेवून ती पुटपुटते, मगच पाण्याचा पेला उचलते. दर आठ तासांच्या औषधाला मात्र आकडे अपुरे. तिथे घड्याळाची वेळच लिहून घ्यावी. मला विचाराल तर आकडेच बरे, आणि शेजारी मराठीत ‘जेवणानंतर’.