स्प्रिंगचा फोर्क की हवेचा?

सुरुवातीच्या किमतीतल्या माउंटन बाइकला पुढे बहुतेक वेळा पोलादी स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा दुहेरी दांडा) येतो. सनटूर कंपनीचे एक्ससीटी आणि एक्ससीएम हे त्यातले नेहमीचे. तो बदलायचं मनात आलं की पहिला पर्याय दिसतो हवेच्या फोर्कचा (यात स्प्रिंगऐवजी दाबाखालची हवा असते), उदाहरणार्थ रॉकशॉक्स कंपनीचा जुडी सिल्व्हर. ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क जास्तीत जास्त किती दबू शकतो ते अंतर, दोन्हीकडे १०० मिमी असू शकतो, किमतीत मात्र मोठी तफावत. हे जास्तीचे पैसे मुख्यतः दोन गोष्टींचे आहेत, आणि त्या दुकानात फोर्क दाबून पाहिल्यावर कळत नाहीत.

पहिली गोष्ट तुमचं वजन. स्प्रिंगचा कडकपणा कारखान्यातच ठरलेला असतो. ५५ किलोच्या माणसाला ती स्प्रिंग दगडासारखी लागते आणि अर्धा ट्रॅव्हल कधी वापरलाच जात नाही. ९५ किलोचा माणूस तोच फोर्क प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटवतो. वरचा प्रीलोडचा नॉब फिरवून हे सुटत नाही. त्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, एवढंच. हवेच्या फोर्कमध्ये दाब कमी-जास्त केला की काम झालं. नेहमीच्या बॅगेसह सायकलवर बसल्यावर फोर्क साधारण २० टक्के, म्हणजे १०० मिमीमध्ये २० मिमी दबायला हवा. त्यासाठी शॉक पंप, म्हणजे सस्पेन्शनसाठीचा छोटा पंप, लागतो. फोर्कमध्ये हवा इतकी थोडी मावते की टायरच्या पंपाने नेमका दाब भरता येत नाही.

दुसरी गोष्ट रिबाउंड, आणि माझ्या दृष्टीने ही पहिलीपेक्षा मोठी. दबलेला फोर्क किती वेगाने परत वर यावा, हे जुडीवर खालच्या नॉबने ठरवता येतं. एक्ससीएमच्या बहुतेक आवृत्त्यांवर तशी सोयच नाही. सह्याद्रीतल्या सुट्या दगडांच्या उतारावर हा फरक हाताला कळतो: फोर्क झटक्यात उसळला की चाक जमीन सोडतं, आणि हवेतल्या चाकाला ब्रेकही लागत नाही, वळणही मिळत नाही.

स्प्रिंगची जमेची बाजू खरी आहे. दाब तपासायची कटकट नाही, सील गेलं तरी फोर्क बसत नाही. पण देखभाल टळत नाही. रॉकशॉक्स खालच्या नळ्यांची सर्व्हिस दर ५० तासांनी सांगते; पावसाळ्यात चिखलातून फिरणाऱ्यांनी ती लांबवू नये.

तुमचं बहुतेक सायकलिंग डांबरावर आणि घाटरस्त्यावर असेल, तर दोन्ही सोडा. साधा, सस्पेन्शन नसलेला फोर्क आणि थोडे रुंद टायर घ्या. चढावर एखाद-दीड किलो वजन उगाच वाहावं लागणार नाही.

टेकडीवर, कच्च्या वाटेवर नियमित जात असाल, तर मी हवेचाच घ्या म्हणेन. फक्त आधी फ्रेम मोजा. स्टिअरर ट्यूब (फोर्कची हँडलपर्यंत जाणारी नळी) सरळ, २८.६ मिमीची आहे की खाली रुंद होणारी टेपर्ड? हेडट्यूब, म्हणजे स्टिअरर ज्यातून जातो ती फ्रेमची पुढची नळी, सरळ असलेल्या जुन्या फ्रेममध्ये टेपर्ड फोर्क सहसा बसत नाही. चाकाचा ॲक्सल ९ मिमीचा क्विक रिलीज असेल आणि फोर्क १५ बाय ११० बूस्टचा (१५ मिमी जाड, ११० मिमी रुंद ॲक्सलचा), तर पुढचं चाकही बदलावं लागतं, आणि तिथे बजेट कोलमडतं. रिम दाबणाऱ्या व्ही-ब्रेकचे खुंट आताच्या बहुतेक हवेच्या फोर्कवर नसतात. १०० मिमीसाठी बनलेल्या फ्रेमला १२० किंवा १४० मिमीचा फोर्क लावायचा मोहही आवरा: पुढची बाजू २० मिमीने उंचावली की हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी होणारा कोन) साधारण एक अंशाने पडतो, चढावर पुढचं चाक भरकटतं, हेडट्यूबवरचा ताणही वाढतो.

नवा फोर्क लांब स्टिअररसह येतो. मेकॅनिकला तो कापायला सांगताना दोनेक सेंटीमीटर स्पेसरपुरती (हँडलखाली बसणाऱ्या कड्यांपुरती) जागा राखायला सांगा. हँडल किती उंच हवं हे काही राइडनंतरच कळतं, आणि कापलेली नळी वाढवता येत नाही.